स्ववृत्त (रेझ्युमे)

स्ववृत्त : नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याने आपले शिक्षण, अनुभव व कौशल्ये यांची विशिष्ट पदाच्या गरजा डोळ्यांसमोर ठेवून स्वतः केलेली संक्षिप्त मांडणी. मराठीत स्ववृत्त, परिचयपत्र, वैयक्तिक माहितीपत्रक असे पर्याय असले, तरी बोलण्यात बायोडेटा, रेझ्युमे व सीव्ही हेच शब्द रुळले असून ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. तिन्हींची मुळे वेगळी आहेत आणि स्ववृत्तात काय असावे याविषयीचे बरेच मतभेद या मुळांपर्यंत जाऊन पोहोचतात.

संज्ञा : सीव्ही हे ‘करिक्युलम व्हिटे’ या लॅटिन शब्दप्रयोगाचे लघुरूप. करिक्युलम म्हणजे धाव किंवा धावण्याचा मार्ग. व्हिटे म्हणजे आयुष्याचा. रोमन वक्ता सिसेरो याने इ. स. पू. ६३ मध्ये राबिरियसच्या बचावार्थ केलेल्या भाषणात हे दोन शब्द उलट क्रमाने येतात : निसर्गाने आयुष्याचा मार्ग आखूड आखला आहे, कीर्तीचा मात्र अमर्याद, असा त्या वाक्याचा आशय. नोकरीच्या अर्जाशी त्याचा अर्थातच संबंध नाही. इंग्रजीत व्यक्तीच्या कारकिर्दीचा धावता आढावा या अर्थाने हा प्रयोग विसाव्या शतकाच्या सुमारास रूढ झाला असावा. रेझ्युमे हे ‘सार काढणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाचे कर्मणी भूतकाळवाचक धातुसाधित. नोकरीच्या संदर्भात ते प्रामुख्याने अमेरिकेत स्थिरावले. गंमत अशी की, खुद्द फ्रेंच भाषक या कागदाला सीव्हीच म्हणतात. बायोडेटाला कर्मचारी-निवडीच्या मानसशास्त्रात तांत्रिक अर्थ आहे : पूर्वायुष्याविषयीचे ठरावीक प्रश्न आणि त्यांच्या उत्तरांना दिलेले गुण. विमाविक्रेते निवडण्यासाठी अशा गुणांकित प्रश्नावलीचा वापर १९२०च्या दशकाच्या आरंभीच झालेला दिसतो.

थोडक्यात, सीव्हीत सगळा प्रवास, रेझ्युमेत निवडलेले सार आणि बायोडेटात दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे. अध्यापन व संशोधनक्षेत्रात प्रत्येक निबंधाची नोंद असलेला अनेक पानी सीव्ही अपेक्षित असतो; इतरत्र एक किंवा दोन पाने पुरतात. या नोंदीत स्ववृत्त हा शब्द रेझ्युमे या अर्थाने योजला आहे.

उगम : जगातील पहिले स्ववृत्त लिओनार्दो दा व्हिंचीने लिहिले, असे विधान वारंवार आढळते. त्याचा आधार म्हणजे मिलानचा कारभार पाहणाऱ्या (व पुढे तेथील ड्यूक झालेल्या) लुदोविको स्फोर्झाला उद्देशून लिहिलेल्या पत्राचा मसुदा. मिलानच्या अँब्रोसियन ग्रंथालयातील ‘कोडेक्स अ‍ॅटलांटिकस’ या कागदसंग्रहात तो जतन केलेला आहे. त्यावर तारीख नाही. लिओनार्दोच्या फ्लॉरेन्सहून मिलानला झालेल्या स्थलांतरावरून तो सर्वसाधारणपणे १४८२च्या सुमारासचा मानतात. काही अभ्यासक त्याला आणखी काही वर्षे पुढे नेतात. अक्षर लिओनार्दोचे नाही. तो डावखुरा असून आपल्या टिपणांत उजवीकडून डावीकडे आरशातल्यासारखे लिहीत असे. हा मसुदा डावीकडून उजवीकडे लिहिलेला आहे, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेला असावा. पत्र प्रत्यक्ष धाडले गेले याचा पुरावा नाही.

मजकूर मात्र आजच्या अर्जदाराने डोळ्यांखालून घालावा असा आहे. हलके व सहज वाहून नेता येणारे पूल, वेढ्याच्या वेळी खंदकातील पाणी काढण्याची युक्ती, गारांसारखा दगडांचा मारा करणाऱ्या तोफा, आवाज न करता खणायची भुयारे, आच्छादित रथ अशी क्रमांकित मुद्द्यांची यादी त्यात आहे. दहाव्या मुद्द्यात शांततेच्या काळातील वास्तुरचना व जलवहन येते, आणि त्यामागोमाग शिल्प व चित्रकलेचा उल्लेख. ज्या कलेने पुढे त्याचे नाव झाले, ती अशी शेवटी! वाचणाऱ्याला युद्धाची चिंता होती, हे लिहिणाऱ्याने ओळखले होते. शंका वाटल्यास तुमच्या उद्यानात प्रयोग करून दाखवतो, अशी तयारीही त्याने शेवटी दर्शविली आहे.

तरीही या मसुद्याला स्ववृत्त म्हणणे काहीसे ओढूनताणून वाटते. पूर्वी कोठे, किती काळ व कोणते काम केले याची नोंद त्यात नाही. ‘मी काय करू शकतो’ एवढेच आहे. स्ववृत्तासोबत जोडल्या जाणाऱ्या अर्जपत्राचा पूर्वज म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

दुसरा मत-प्रवाह कागदाच्या रूपाऐवजी लेखणी कोणाच्या हातात होती याकडे लक्ष वेधतो. फ्रान्समध्ये १८०३ पासून कामगाराला एक पुस्तिका बाळगावी लागे. तीत नोकरीच्या नोंदी मालक करीत असे आणि त्या पुस्तिकेविना दुसरीकडे काम मिळणे अवघड होई. ही पद्धत १८९० मध्ये रद्द झाली. घरकामगारांनाही पूर्वीच्या मालकाचे शिफारसपत्र दाखवावे लागे. अर्जदाराने स्वतःविषयी स्वतः लिहावे आणि वाचणाऱ्याने ते निदान मुलाखतीपुरते खरे धरावे, हा बदल तुलनेने अलीकडचा आहे. स्ववृत्ताचे बळ आणि त्याविषयीचा संशय, दोन्ही त्यातूनच येतात.

रचना व लेखन : नाव व संपर्क, दोन-तीन ओळींचा गोषवारा, अनुभव, शिक्षण आणि कौशल्ये हा क्रम परिचित आहे. अनुभव अलीकडून मागे असा उलट कालक्रमाने देण्याची रीत सर्वाधिक प्रचलित आहे. नोकरीत खंड पडलेल्यांना किंवा क्षेत्र बदलणाऱ्यांना कौशल्यवार मांडणी सुचवली जाते. पण तारखा मागे ढकलल्या की निवड करणारा त्याच आधी शोधतो, हे लक्षात घेता खंडाचे कारण एका ओळीत सांगून कालक्रम राखणे बरे.

लेखनाचा कस अनुभवाच्या ओळींत लागतो. ‘लेखा विभागात विविध जबाबदाऱ्या यशस्वीपणे पार पाडल्या’ हे वाक्य कोणाच्याही स्ववृत्तात चालेल, म्हणून ते कोणाविषयीच काही सांगत नाही. तेच काम ‘तीन शाखांची पुरवठादारांची बिले तपासली, मंजुरीला लागणारे १२ दिवस ५ वर आणले’ असे लिहिले की कामाचा आवाका, स्वतःचा वाटा आणि परिणाम तिन्ही कळतात. आकडा नसेल तर ओढून आणू नये; मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच आकड्यावर येतो. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘संघभावनेने काम करणारा’ ही विशेषणे गाळली तरी काही बिघडत नाही. पदाच्या जाहिरातीतील शब्द, ते काम खरोखर केले असल्यास, त्याच रूपात वापरावेत.

वाचन : एका अमेरिकी नोकरी-संकेतस्थळाने निवड करणाऱ्यांच्या नेत्रहालचालींच्या नोंदींवरून एका स्ववृत्ताच्या पहिल्या चाळणीचा वेळ २०१२ मध्ये सुमारे ६ सेकंद, तर २०१८ मध्ये ७.४ सेकंद असल्याचे सांगितले. ही पाहणी व्यावसायिक आणि लहान नमुन्यावर आधारलेली असल्याने सेकंदांवर फार भर देऊ नये; पदनाम, संस्था व तारखा यांवर नजर आधी जाते, हा निष्कर्ष मात्र पटण्याजोगा आहे.

मोठ्या संस्थांत अर्ज आधी संगणकप्रणालीत जातात. ती मजकुरातून नाव, पदे व तारखा वेगळ्या काढून साठवते. दोन स्तंभांची मांडणी, तक्ते, चित्रात बसवलेली अक्षरे यांमुळे ओळी एकमेकींत मिसळण्याचा धोका असतो. देवनागरी स्ववृत्ताबाबत आणखी एक अडचण : युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय अक्षरसंकेतपद्धती) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर सुबक दिसला, तरी प्रणालीच्या हाती रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता लागतो. फाइलमधला मजकूर उचलून साध्या टिपणपानावर चिकटवून पाहिला, की हे दोन्ही दोष लगेच उघडे पडतात. बहुतेक अर्ज यंत्रच फेटाळते असे सांगणारी टक्केवारी फिरत असते. तिला तपासता येण्याजोगा आधार नाही.

वैयक्तिक तपशील : वय, वैवाहिक स्थिती, धर्म व छायाचित्र यांबाबत देशोदेशी भिन्न रीती आहेत. अमेरिकेत १९६४चा नागरी हक्क कायदा व १९६७चा वयाधारित भेदभावविरोधी कायदा यांनंतर हे तपशील हळूहळू गळाले. तरी नाव उरतेच. बर्ट्रांड व मुल्लईनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी बॉस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक स्ववृत्ते पाठवली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, गोऱ्या वाटणाऱ्या नावांना कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांपेक्षा सुमारे ५० टक्के अधिक बोलावणी आली. जपानमध्ये ‘रिरेकिशो’ हा ठरावीक छापील नमुना रूढ आहे. तेथील श्रम मंत्रालयाने २०२१ मध्ये सुचवलेल्या नव्या नमुन्यात लिंगाचा रकाना भरणे ऐच्छिक ठेवले असून छायाचित्राची जागा कायम आहे.