बाफुओन: तीन लाख दगडांच्या जुळणीची पार्श्वभूमी

कंबोडियातील अंकोरला जाणारा प्रवासी बहुधा अंकोर वाट, बायोन आणि ता प्रोम ही तीन देवळे ठरवूनच निघतो. अंकोर थोम या तटबंद नगरात बायोनपासून चालत काही मिनिटांवर असलेल्या बाफुओनकडे तो वळतो ते वेळ उरला तरच. मात्र आज आपण ज्याला प्राचीन अवशेष म्हणून पाहतो, ते आपल्या डोळ्यांसमोर कसे येते हे समजून घ्यायचे असेल, तर बाफुओनचा इतिहास जाणून घेण्याला पर्याय नाही.

अकराव्या शतकाच्या मध्यास, येथील ख्मेर राजा दुसरा उदयादित्यवर्मन याच्या काळात, मेरुपर्वताची प्रतिकृती म्हणून हे शिवमंदिर उभे राहिले. 1296-97 मध्ये येथे राहिलेला चिनी दूत झोउ दागुआन याने बायोनच्या उत्तरेला, त्याहूनही उंच असा तांब्याचा मनोरा असल्याची नोंद केली आहे आणि तो बाफुओनच, असे अभ्यासक मानतात. गोपुरांच्या भिंतींवर लहान लहान चौकटींत रामायण-महाभारतातील प्रसंग कोरलेले आहेत. एकावर एक रचलेल्या या चौकटी आपल्या वाचकाला कोणाच्या मदतीशिवाय ओळखता येतात, म्हणून तेथे घाई करू नये.

देवळाचा घात त्याच्या पोटातील वाळूने केला. एकावर एक चढत जाणारे चौथरे आतून वाळूच्या भरावाचे होते आणि बाहेरून त्यांना जांभ्याचा व वालुकाश्माचा वेढा होता. पावसाळ्यात भराव पाणी पिऊन जड होई आणि बाहेरच्या भिंतींना रेटत राही. पुढे, सोळाव्या शतकाच्या सुमारास, राज्यात थेरवाद बौद्ध धर्म रुजल्यावर, देवळाचेच दगड काढून पश्चिमेच्या बाजूला सुमारे 70 मीटर लांबीची पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती रचण्यात आली. आधीच खचत चाललेल्या चौथऱ्यावर हा नवा भार पडला.

फ्रेंच राजवटीत, 1908 पासून, अंकोरच्या जतनाची जबाबदारी फ्रेंच सुदूरपूर्व अभ्याससंस्थेकडे होती. सुरुवातीचे काम झाडी तोडण्याचे आणि कोसळू पाहणाऱ्या भिंतींना टेकू देण्याचे होते. जावा बेटावर डच अभियंते पडक्या वास्तूचा प्रत्येक दगड नोंदवून उतरवत, पाया पक्का करत आणि तेच दगड पुन्हा जागच्या जागी बसवत. फ्रेंच संस्थेचे आँरी मार्शाल यांनी ही पद्धत तेथे पाहिली आणि 1931 पासून अंकोर परिसरातील बान्ते स्रेई या देवळात वापरली. तिलाच अनास्टिलॉसिस म्हणतात.

बाफुओन वाचवायचे तर दुसरा मार्ग नव्हता. 1960 च्या दशकात फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बेर्नार-फिलिप ग्रोलिए यांच्या देखरेखीखाली देऊळ उतरवायला सुरुवात झाली. सुमारे तीन लाख दगड क्रमांक घालून भोवतालच्या रानात मांडून ठेवले गेले आणि भराव आवरण्यासाठी आत काँक्रीटच्या भिंती बांधायला घेतल्या. 1970 मध्ये देशात यादवी पेटली आणि काम थांबले. 1975 मध्ये ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाने राजधानी नॉम पेन्ह घेतल्यावर तेथे ठेवलेले नकाशे आणि दगडांच्या नोंदी नष्ट झाल्या. दगड रानात होते, पण कोणता कुठला हे सांगणारा कागद उरला नव्हता.

1995 मध्ये काम पुन्हा सुरू झाले, आधी जाक द्युमार्से आणि नंतर पास्काल रॉयेर या फ्रेंच वास्तुविशारदांच्या नेतृत्वाखाली. पॅरिसमध्ये राहिलेली जुनी छायाचित्रे हाताशी होती, तरी खरा आधार दगडांचाच होता. ख्मेर कारागीर चुना न वापरता दगडावर दगड घासून सांधा बसवत, त्यामुळे कोणतेही दोन दगड सारखे नाहीत. एका दगडावर कोरलेल्या वेलीची रेषा ज्या कडेला तुटते, तेथून ती पुढे नेणारा दगड एकच असतो. शेकडो किलोंचे दगड उचलून लावून पाहायचे आणि जुळले नाहीत तर परत ठेवायचे, असे हे काम सोळा वर्षे चालले. ज्या स्थानिक कामगारांनी तरुणपणी देऊळ उतरवताना हातभार लावला होता, त्यांच्यापैकी काहींच्या स्मरणशक्तीचाही उपयोग झाला. माझ्या मते या प्रकल्पाचे श्रेय देताना त्यांचा उल्लेख सर्वांत आधी व्हायला हवा.

मोठा प्रश्न बुद्धाचा होता. मूळ शिवमंदिर पूर्ण उभे करायचे तर बुद्ध मोडावा लागला असता, कारण दगड तेच होते. बुद्ध राखला आणि देवळाचा माथा अपुरा राहिला. हा निर्णय मला योग्य वाटतो, कारण मूर्ती रचणाऱ्यांची श्रद्धा हाही या वास्तूच्या इतिहासाचाच भाग आहे. 3 जुलै 2011 रोजी कंबोडियाचे राजे नोरोदोम सिहामोनी यांच्या उपस्थितीत पुनर्बांधणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले.

प्रवासी पूर्वेकडून, आखूड गोल खांबांवर उचललेल्या सुमारे 200 मीटरच्या वाटेने आत येतात आणि अनेक जण त्याच वाटेने परततात. बुद्ध मात्र मागच्या, पश्चिमेच्या बाजूला आहे. भिंतीला लागून उभे राहिले तर केवळ ओबडधोबड दगडांची रास दिसते. बरेच मागे, झाडांच्या सावलीपर्यंत सरकले की त्या राशीतून हळूहळू कपाळ, नाक आणि मिटलेले ओठ उमटतात.