कोंबडीच्या पिल्लाचे पाय लुळे पडणे

सकाळी डालगे उचलावे, बाकीची पिल्ले आईमागे उकिरड्याकडे पळावीत आणि एक तिथेच राहावे: पंख टेकवून, घोट्यांवर बसलेले, डोळे मात्र टवटवीत. गावात याला ‘पिल्लाचे पाय गेले’ किंवा ‘पिल्लू बसले’ म्हणतात. हा एक रोग नव्हे. जीवनसत्त्वांची उणीव, विषाणू, इजा, घसरडी जमीन, चुकीचे खाद्य अशा अनेक कारणांचे हे एकच दिसणारे रूप आहे. म्हणून ‘पाय गेले, औषध द्या’ एवढ्यावर कोणी बाटली दिली तर ती घेऊ नये. आधी पिल्लाचे वय किती आणि पाय कसा पडला आहे, हे पाहावे.

त्याहूनही आधी त्याला पाणी पाजावे. पाय गेलेली बरीच पिल्ले मूळ रोगापेक्षा तहान, भूक आणि गारठ्याने दगावतात. पाण्याचे भांडे चार हातांवर असते आणि तिथवर जाता येत नाही. शिवाय बाकीची पिल्ले त्याला तुडवतात, टोचतात.

अशा पिल्लाला लगेच वेगळ्या खोक्यात ठेवावे. तळाशी वर्तमानपत्र नको, त्यावर पाय घसरतो. गोणपाट किंवा जुना खरखरीत टॉवेल चांगला. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी कमी करतात. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. धडधाकट पिल्लू उकडले की बल्बपासून दूर सरकते, लुळे पिल्लू सरकू शकत नाही. म्हणून बल्ब खोक्याच्या एका कोपऱ्यावर लावावा, पिल्लू त्यापासून जरा अलीकडे ठेवावे आणि ते चोच उघडून धापते का, अंग आखडून चिवचिवते का, हे वरचेवर पाहावे.

पाणी पाजताना पिल्लू तळहातात उभे धरावे, चोचीचे टोक उथळ झाकणातल्या पाण्यात बुडवावे आणि सोडावे. नाकपुड्या पाण्याबाहेर राहिल्या पाहिजेत. पिल्लू स्वतःच मान वर करून घोट गिळते. सिरिंजने घशात धार सोडू नये. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, पाणी फुप्फुसात गेले की संपले. थेंबच द्यायचा तर चोचीच्या कडेला लावावा. दर तास-दोन तासांनी पाणी, त्याबरोबर कालवलेले चिक स्टार्टर (लहान पिल्लांचे तयार खाद्य) आणि उकडलेल्या अंड्याचा कुस्करलेला पिवळा बलक द्यावा. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली तर कोमट पाण्याने पुसून जागा कोरडी करावी. पायांना तेल चोळण्याची रीत आहे. पिसे तेलकट झाली की पिल्लाची ऊब जाते, म्हणून ती टाळलेली बरी.

आता पाय पाहावा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या पिल्लाची बोटे मुठीसारखी आत वळली असतील आणि ते घोट्यांवर चालत असेल, तर रायबोफ्लेविन म्हणजे ब२ जीवनसत्त्वाच्या उणिवेची शक्यता मोठी. पिल्लाच्या खाद्यात हे किलोमागे साधारण ३.६ मिलिग्रॅम असावे लागते. वेळेवर मिळाले तर थोड्या दिवसांत बोटे उलगडतात. महिनाभर दुर्लक्ष झाले तर नसांची हानी भरून येत नाही. दुकानातली बाटली वाचून घ्यावी. कुक्कुटपालकांत चालणाऱ्या काही थेंबांत अ, ड३, ई आणि ब१२ एवढेच असते. वळलेल्या बोटांना लागणारे ब२ त्यात नसते.

दोन्ही पाय आडवे फाकले असतील आणि पिल्लू नुकतेच अंड्यातून निघालेले असेल, तर दोष बहुधा घसरड्या जमिनीचा असतो. दोन्ही पायांना मऊ चिकटपट्टीची सैल बेडी घालून ते नैसर्गिक अंतरावर आणतात. पहिल्या एक-दोन दिवसांत केले तर पिल्लू बहुधा सावरते. घोटा सुजून चपटा झाला आणि पाय बाजूला वळला, तर टाचेमागची शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर, खोबणीतून सटकलेली असते. मँगॅनीज किंवा कोलिनच्या कमतरतेने असे होते आणि सटकलेली शीर सहसा परत बसत नाही. चोच बोटाने दाबली असता रबरासारखी वाकली तर तो मुडदूस. अंधाऱ्या खोलीत, उन्हाविना वाढवलेल्या पिल्लांत तो दिसतो. अंड्यावरच्या कोंबड्यांचे लेयर खाद्य पिल्लांना घालणेही घातक, कारण त्यात कॅल्शियम तिप्पट-चौपट असते.

खाद्याची उणीव पाय घेते, हे जगाला कळले तेही कोंबड्यांमुळेच. १८९० च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया येथे ख्रिस्तियान आइकमान हे डच वैद्य माणसांचे पाय लुळे पाडणाऱ्या बेरीबेरी रोगाचा जंतू शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या एकाएकी लंगडू लागल्या, मग पडूनच राहिल्या आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळले की लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात त्यांना घातला जात होता. नव्या आचाऱ्याने तो बंद केल्यावर त्या सुधारल्या. कोंड्यात काहीतरी आवश्यक असते आणि ते कांडून पांढऱ्या केलेल्या तांदळातून जाते, हे पुढे १९०१ मध्ये खेरिट ग्रेन्स यांनी नेमके मांडले. ते द्रव्य म्हणजे थायमिन, ब१. आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणातल्या परसात पूर्वी उखळाभोवतीचा कोंडा कोंबड्या टिपत. आज गिरणीतल्या पांढऱ्या कण्यांवरच बंद खुराड्यात वाढवलेल्या पिल्लाला तो आधार नसतो. मान पाठीवर टाकून आकाशाकडे पाहणारे पिल्लू ही या उणिवेची ओळखीची खूण.

पिल्लू दीड-दोन महिन्यांचे, तरणे झालेले असेल आणि एक पाय पुढे, एक मागे असा ताणून पडले असेल, तर मरेक्स या विषाणूजन्य रोगाचा संशय घ्यावा. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये त्याचे वर्णन केले. नागीण कुळातला हा विषाणू मांडीतून जाणारी मोठी नस सुजवतो, अवयवांत गाठी करतो आणि पिसांच्या मुळांतून झडणाऱ्या कोंड्याबरोबर धुळीत महिनोन्महिने टिकतो. त्यावर औषध नाही. लस आहे, ती पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली देतात. ती गाठी रोखते, संसर्ग रोखत नाही. हजार मात्रांची कुपी एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. म्हणून हॅचरीतल्या पिल्लांना ती मिळते, खुडूक कोंबडीखाली निघालेल्या दहा-बारा पिल्लांना जवळपास कधीच नाही. पिल्ले विकत घेताना ‘मरेक्सची लस झाली आहे का?’ हे विचारायलाच हवे.

मरेक्सचाच एक विरळा प्रकार असा की पक्षी एकाएकी लुळा पडतो आणि एक-दोन दिवसांत उठून चालू लागतो. त्या दोन दिवसांत जे काही दिलेले असते, त्याला श्रेय मिळते. काही घरगुती उपायांची कीर्ती अशीही वाढली असावी.

मानमोडी म्हणजे रानीखेत रोगात लुळेपणाबरोबर मान पिळते, हिरवी हगवण होते, श्वास घरघरतो. रक्ताची हगवण झालेले पिल्लू अशक्तपणामुळेच बसते. अशा वेळी एकेक पिल्लू न पाहता सगळ्या कळपाचा विचार करावा लागतो. अनेक पक्षी एकदम मेले तर तो बर्ड फ्लूही असू शकतो, म्हणून मृत पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. देशातल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. एरवी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. मनाने प्रतिजैविके देऊ नयेत: टायम्युलिन हे औषध सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन (रक्ताची हगवण रोखणारी द्रव्ये) मिसळलेल्या खाद्याबरोबर गेले तर त्यानेच पाय जातात.

पिल्लू घोट्यांवरून उठून पंजावर उभे राहिले तरी दोन-तीन दिवस खोक्यातच असू द्यावे. परत सोडताना भरदिवसा सोडू नये, बाकीची टोचून हैराण करतात. अंधार पडल्यावर, सगळी पिल्ले आईच्या पंखाखाली शिरली की त्यालाही हळूच तिथे सरकवावे आणि सकाळी डालगे उचलताना स्वतः हजर असावे.