लष्करी खर्च आणि पर्यावरण : बेळगाव-कारवार सीमाभाग

सैन्य उभारणे, पोसणे आणि सज्ज ठेवणे यांवर होणाऱ्या सरकारी खर्चाचे हवा, पाणी, जमीन व वन्यजीवनावर होणारे परिणाम. युद्धातला विध्वंस डोळ्यांत भरतो. शांततेच्या काळातले इंधन, सराव आणि अडकलेली जमीन यांचा भार मात्र गुपचूप साचत जातो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात लढाई नाही, पण लष्कर जागोजागी आहे : बेळगावच्या कँपात (लष्करी छावणीत) मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर, सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र, बिदरला लढाऊ वैमानिकांचे प्रशिक्षण आणि कारवारला नौदलाचा कदंब तळ.

खर्चाच्या एकूण आकड्यावरून प्रदूषण मोजायला गेले की फसगत होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये होते. त्यांतले सुमारे १.६१ लाख कोटी नुसत्या निवृत्तिवेतनाचे. खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्या माजी सैनिकाच्या घरी येणारी पेन्शन मुलांच्या फीला, बोअरवेलला, स्लॅबच्या घराला लागते. तिचा धूर कुणाही पगारदाराच्या पैशाइतकाच. खरा भार पडतो तो विमानांच्या व जहाजांच्या इंधनाचा, पोलादाचा, दारूगोळ्याचा आणि बांधकामांचा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला त्याच वर्षी सुमारे ३,४०० कोटी मिळाले, ही तुलना हमखास पुढे केली जाते. तिच्यातून सरकारचा अग्रक्रम कळतो, प्रदूषण नव्हे.

जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ५.५ टक्के सैन्यांमुळे निघतात, असा २०२२ चा एक अंदाज आहे. अंदाजच, कारण हिशेब देण्याची सक्ती नाही. हवामानबदलावरच्या क्योटो करारात (१९९७) परदेशांतील संयुक्त लष्करी मोहिमांचे इंधन देशांच्या बेरजेबाहेर ठेवले गेले. पॅरिस करारानंतरही (२०१५) लष्कराचे वेगळे आकडे देणे ऐच्छिकच राहिले.

सरावाचे प्रदूषण जमिनीत उतरते. चांदमारीत, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, झाडलेली गोळी लक्ष्यामागच्या मातीच्या बांधात रुतते. तिच्यातले शिसे हवापाण्याने गंजते आणि पावसाबरोबर खाली झिरपू लागते; माती आम्लधर्मी असेल तर लवकर. पश्चिमेकडच्या जांभ्या जमिनीतले लोह त्यातले काही शिसे धरून ठेवते, म्हणून निव्वळ पावसाच्या जोरावर धोका ठरवता येत नाही. माती तपासावीच लागते. स्फोटकांचे अवशेष आणि विमानतळावरील आग विझवण्याच्या काही जुन्या फेसांतली रसायने भूजलात दीर्घकाळ टिकतात.

किनाऱ्यावर हा खर्च सर्वांत ठळक दिसतो. कारवारचा कदंब तळ ज्यातून उभा राहिला त्या सीबर्ड प्रकल्पाची पायाभरणी १९८६ मध्ये झाली, तळ २००५ मध्ये कार्यान्वित झाला. अंजदीव बेट मुख्य भूमीला जोडणारे लाटारोधक बांध घालण्यासाठी प्रचंड दगड लागला. कारवार-अंकोला पट्ट्यातील गावे उठली, मच्छीमारांच्या नेहमीच्या जागा बंद झाल्या आणि वाढीव भरपाईचे खटले वर्षानुवर्षे चालले. दक्षिणेला मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट प्रवाळांसाठी आणि समुद्री गरुडांच्या घरट्यांसाठी ओळखले जाते. नौदलाने तेच नेमबाजीच्या सरावाचे लक्ष्य केले.

उलट बाजूही आहे. बेळगावात गर्द झाडी पाहायची तर लोक कँपातच जातात. तिथल्या मिलिटरी महादेवाच्या देवळाच्या परिसरात संध्याकाळी गर्दी असते. ही हिरवाई बंद जमिनीची देणगी आहे : बिल्डरला तिथे शिरता आले नाही. तिचे श्रेय खर्चाला देणे चुकीचे. जाणूनबुजून केलेले काम म्हणजे प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण तुकड्या. त्यांतली पहिली १९८२ मध्ये मसुरीच्या उजाड डोंगरांसाठी उभी राहिली.

कायद्याने लष्कराला मोकळीक दिली आहे. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार राष्ट्रीय संरक्षणाच्या प्रकल्पांना जनसुनावणी लागत नाही. माहिती अधिकारातही सुरक्षेचा अपवाद आहे. २०२३ च्या दुरुस्तीने सुरक्षाविषयक बांधकामांसाठी १० हेक्टरपर्यंतच्या वनजमिनीला वनसंवर्धन कायद्याच्या अटींतून सूट देण्याची तरतूद झाली, आणि ती फक्त आंतरराष्ट्रीय सीमेपुरती नाही. खानापूरच्या जंगलालाही लागू पडू शकते.