आहाराच्या जबानीला लघवीचा पुरावा

कोणी काय खाल्ले हे त्यालाच विचारायचे, ही आहार-संशोधनातली जुनी आणि स्वस्त रीत आहे. एखादी नवी प्रश्नावली बरोबर आहे का हे तपासायचे, तर तिची उत्तरे त्याच माणसाने लिहिलेल्या आहार-नोंदवहीशी ताडून पाहिली जात. दोन्ही जुळली की प्रश्नावली पास. पण जो माणूस प्रश्नावलीत तळलेले पदार्थ विसरतो, तो वहीतही ते विसरण्याची शक्यता असते, आणि मग जुळण्यातून सिद्ध होते ते फारतर त्याच्या चुकीचे सातत्य. म्हणून ज्याची चूक स्मरणशक्तीशी आणि संकोचाशी निगडित नाही असे मापन हवे होते. बायोमार्कर, म्हणजेच जैवसूचक (रक्त, लघवी अशा नमुन्यांत मोजता येणारी आहाराची खूण), आहार-संशोधनात महत्त्वाचे ठरले ते या गरजेतून.

प्रथिनांपुरता हा प्रश्न केंब्रिजमध्ये शीला बिंगहॅम आणि जॉन कमिंग्ज यांनी हाती घेतला. प्रथिनांतले नायट्रोजन बहुतांशी लघवीवाटे बाहेर पडते हे आधीच ठाऊक होते. रोजचा बदलता आहार घेणाऱ्या माणसात ते किती भरवशाचे, हे ठाऊक नव्हते. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ८ जणांचे खाणे आणि उत्सर्जन २८ दिवस मोजले गेले. खाल्लेल्या नायट्रोजनपैकी सरासरी ८१ टक्के लघवीत सापडले. बाकीचे मुख्यतः विष्ठेतून आणि थोडे त्वचेवाटे जाते. मात्र एकाच दिवसाच्या लघवीवरून माणसाचा नेहमीचा आहार ओळखता येत नव्हता, त्यासाठी अनेक दिवसांचे नमुने लागत होते.

अडचण आणखी एक होती, आणि माझ्या मते या कामातला सर्वांत चतुर भाग तिच्या उत्तरात आहे. २४ तासांची लघवी गोळा करा असे सांगितले तरी एखादी वेळ राहून जाते, आणि ती राहिली हे पुन्हा त्या माणसाच्या शब्दावरूनच कळणार. यावर पॅरा-अमिनोबेंझॉइक आम्लाची ८० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून ३ वेळा देण्याची पद्धत बसवण्यात आली. हे आम्ल जवळजवळ सगळे लघवीत उतरते, त्यामुळे दिलेल्या मात्रेच्या ८५ टक्क्यांहून कमी सापडले, तर तो नमुना अपुरा समजला जाई. थोडक्यात, साक्षीदाराचीही उलटतपासणी झाली.

ऊर्जेचा जैवसूचक वेगळ्या वाटेने आला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या नेथन लिफसन यांनी १९४९ साली दाखवले, की उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन शरीरातील पाण्याशी समतोल साधतो. त्यामुळे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोहोंचे जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे अधिक वजनाचे अणू) असलेले पाणी प्यायला दिले, तर जड हायड्रोजन फक्त पाण्यावाटे जातो आणि जड ऑक्सिजन पाणी व कार्बन डायऑक्साइड अशा दोन वाटांनी. या दोन वेगांतील फरकावरून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून ऊर्जेचा खर्च काढता येतो. वजन स्थिर असेल तर खर्च म्हणजेच सेवन. जड ऑक्सिजन इतका महाग होता, की ही पद्धत अनेक वर्षे लहान प्राण्यांपुरतीच राहिली. माणसांवरील तिची पडताळणी १९८२ साली डेल शोलर यांच्या कामातून पुढे आली.

दोन्ही सूचक एकत्र वापरून जबानीतली तूट मोठ्या प्रमाणावर मोजली गेली ती अमेरिकेतील मेरिलँडमध्ये, १९९९-२००० मधील ‘ओपन’ अभ्यासात. त्यात ४८४ स्त्री-पुरुष होते. प्रश्नावलीत पुरुषांनी प्रत्यक्षापेक्षा ३१ ते ३६ टक्के, तर स्त्रियांनी ३४ ते ३८ टक्के कमी ऊर्जा सांगितल्याचे दिसले. आदल्या दिवसाच्या आहाराविषयी घेतलेल्या मुलाखतींत ही तूट बरीच कमी, पुरुषांत १२ ते १४ आणि स्त्रियांत १६ ते २० टक्के निघाली. प्रश्नावलीवर विसंबून आहार आणि रोग यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांना हा जोराचा धक्का होता.

असा थेट हिशेब लागणारे सूचक आजही मोजकेच आहेत: ऊर्जा, प्रथिने, पोटॅशियम, सोडियम. रक्तातील कॅरोटिनॉइडांवरून (भाज्या-फळांतील रंगद्रव्यांवरून) भाज्या-फळांचा अंदाज बांधता येतो, पण धूम्रपानानेही ती पातळी बदलते. साखरेसाठी २००५ साली लघवीतील सुक्रोज आणि फ्रुक्टोज पुढे आले. खाल्लेल्या साखरेचा अगदी अल्प अंश तिथे पोचत असला तरी तो सेवनाबरोबर वाढतो. एकूण चरबीसाठी मात्र असा हिशेब मांडता येत नाही, कारण खाल्लेली चरबी एकतर शरीरात साठते किंवा जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, आणि त्यावर मूळ पदार्थाची ओळख उरत नाही.