सहा मीटर, तीन मीटर आणि हातभर अंतर

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात नेत्रशिबिर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मोतीबिंदूच येतो. गावच्या देवळात किंवा शाळेच्या खोलीत तपासणी, संध्याकाळी गाडी, शहरात ऑपरेशन आणि मग काळा चष्मा घालून घरी. हे इतके अंगवळणी पडले आहे की पूर्वी असे नव्हते, हे तिशीतल्या मुलांना मुद्दाम सांगावे लागते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अनेक ठिकाणी ऑपरेशनही शिबिरातच उरकत. डोळ्यातले भिंग काढून टाकायचे, त्या जागी काही बसवायचे नाही. पेशंटला पुढे आयुष्यभर अधिक दहा नंबरच्या आसपासचा जाड चष्मा. त्यातून वस्तू आहेत त्याहून पाव पटीने मोठ्या दिसत आणि कडेचा भाग गायब होई. एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल तर दोन डोळ्यांची चित्रे एकमेकांशी जुळत नसत. चष्मा फुटला की माणूस घरात बसलाच. एवढे सोसायचेच असेल तर आहे त्या नजरेवर जमेल तितके ढकलावे, हा सल्ला त्या काळी बरोबर होता. 'मोतीबिंदू पिकू दे' हे आपल्याकडच्या थोरल्या माणसांच्या तोंडी बसले ते तेव्हापासून. कृत्रिम भिंग आले आणि त्या सल्ल्यामागचे कारण संपले. आता पिकू दिलेला मोतीबिंदू कडक होतो, कधी डोळ्यातला दाब वाढवतो आणि ऑपरेशनही अवघड करून ठेवतो. तरीही 'अजून पिकलेला नाही' म्हणत घरी बसणारी माणसे आजही दर शिबिरात भेटतात.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. इथल्या माणसासाठी तो बराचसा मिरजेचा इतिहास आहे. तिथे १८९० च्या दशकात मिशनचा दवाखाना उभा राहिला आणि रेल्वेने बेळगावहून तिकडे जाणे सोयीचे होते. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, पण दुखणे घेऊन मिरज-कोल्हापूरची वाट धरायची सवय काही गेली नाही. १९६३ साली बेळगावात वैद्यकीय महाविद्यालय आले. १९७६ मध्ये केंद्राने अंधत्व नियंत्रणाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला.

सीमाभागाला जाणवलेला फरक मात्र १९९४ ते २००२ या काळातला. आंतरराष्ट्रीय कर्जातून मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सात राज्यांत राबवला गेला. त्यात महाराष्ट्र होता, कर्नाटक नव्हते. कर्नाटकात डेन्मार्कच्या मदतीचे वेगळे काम चालले होते. भिंगरोपणाचे प्रशिक्षण आणि साधनसामग्री यांवर सात राज्यांतल्या प्रकल्पाचा भर होता. निपाणीचा माणूस कागल ओलांडून कोल्हापूरला जाई, त्यामागे भाषा आणि नातीगोती होतीच. पण प्रत्येक वेळी तेवढेच कारण नव्हते, हे दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी कधी लक्षात घेतलेले दिसत नाही.

आता ज्या निर्णयावरून आमच्या डोळे तपासण्याच्या क्षेत्रात अजून वाद होतो त्याकडे. २०१७ पर्यंत आपल्याकडे नियम असा होता: चांगल्या डोळ्याने सहा मीटरवरची बोटे मोजता आली नाहीत, म्हणजे नजर ६/६० पेक्षा कमी असेल (निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसते तेही सहा मीटरवरून दिसत नसेल), तर तो माणूस अंध. २०१७ मध्ये हे अंतर तीन मीटरवर आणले, म्हणजे ३/६०. तपासणीच्या खोलीत हा फरक चार पावलांचा आहे. बेळगावातल्या वडगावचा एखादा विणकर घ्या. तक्त्यावरचे सगळ्यात वरचे अक्षर त्याला सहा मीटरवरून दिसत नाही, म्हणून मी त्याला एकेक मीटर पुढे आणतो. चार मीटरवर तो बोटे बरोबर सांगतो. आदल्या वर्षी तो कागदावर अंध होता, या वर्षी 'तीव्र दृष्टिदोष' असलेला. मागावरचा तुटलेला धागा त्याला तेव्हाही दिसत नव्हता, आताही दिसत नाही.

बदलाच्या बाजूने दिलेली कारणे पोकळ नव्हती. जगभर ३/६० हीच पट्टी वापरली जाते. आपण जास्त माणसांना अंध ठरवणारी पट्टी लावून स्वतःचे आकडे इतरांशी ताडत होतो. अपंगत्वाच्या १९९५ च्या कायद्यात ६/६० होते, ते २०१६ च्या कायद्याने आधीच ३/६० केले होते. टीका करणारे हे सहसा सांगत नाहीत. टीकेचा रोख वेगळा होता. २०२० पर्यंत अंधत्व ०.३ टक्क्यांवर आणायचे उद्दिष्ट होते आणि मुदत जवळ येत असताना पट्टीच बदलली. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अंधत्व ०.३६ टक्के निघाले. वर्तमानपत्रांत तोच आकडा छापून आला. त्याच पाहणीत तीव्र दृष्टिदोष ०.३५ टक्के आणि मध्यम १.८४ टक्के असल्याचे उघडपणे दिले आहे. पहिले दोन मिळवले की ०.७१ होतात, आणि जुन्या व्याख्येशी ताडायचे तर हा आकडा घ्यायला हवा. लपवले कुणी काही नाही, पण मथळ्यात कोणता आकडा जाणार हे ठरवणाऱ्यांना नक्की ठाऊक असणार.

मला स्वतःला हा वाद अर्धाच वाटतो. व्याख्या बदलल्याने शिबिराच्या रांगेत काहीच बदलले नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन करायला माणूस अंध असावा लागत नाही. सहा की तीन यावर इतकी वर्षे भांडलो, पण दोन्ही मोजमापे लांबच्या नजरेची आहेत, आणि या भागातले पोट बरेचसे हातभर अंतरावर चालते. शहापूर, वडगाव, खासबागचे माग, उद्यमबागेतली लेथवरची मापे, निपाणीच्या बिड्या.

बिडी वळणारी बाई पत्र्याच्या तुकड्याच्या मापाने पान कातरते, तंबाखू भरून वळते, तोंड दुमडते आणि दोरा बांधते. सगळे मांडीवरच्या सुपात. चाळिशी लागली की ती सूप गुडघ्याकडे सरकवते, मान मागे नेते, उंबऱ्यापाशी उजेडाला येऊन बसते. मग छाट, म्हणजे नापास ठरलेल्या बिड्या, वाढते आणि मजुरी कापली जाते. शिबिरात तिची लांबची नजर ६/६ निघते. "लांबचं सगळं दिसतंय हो, खरं दोऱ्याला गाठ मारायला येईना झालंय," असे ती सांगते, आणि फॉर्मवर 'नॉर्मल' लिहून तिला घरी पाठवले जाते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आसामच्या चहामळ्यांतल्या चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचा चष्मा दिला, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या मानाने त्यांची पानखुडणी सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. चहाचे पान बिडीच्या दोऱ्याहून कितीतरी मोठे असते.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक दुखणे आहे. पाते डोळ्याला लागते, दोन दिवस मेडिकलमधले थेंब घातले जातात, त्यात स्टेरॉइड असेल तर बुरशी फोफावते आणि बुबुळावर फूल पडते. पन्नाशीच्या आतल्या अंधत्वात बुबुळाच्या फुलाचा वाटा सगळ्यात मोठा आहे. खानापूरच्या भातकापणीतही हेच घडते. मोतीबिंदूच्या उद्दिष्टात हे रुग्ण कुठेच बसत नाहीत.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले आणि कर्नाटकाने त्याला हरकत घेतली. तेव्हापासून नंबर काढायला आलेली माणसे आधी कोणते कार्ड कुठे चालेल ते विचारतात. जवळच्या चष्म्यासाठी मात्र कार्डाचा प्रश्न येत नाही. आठवडी बाजारात तयार चष्मे मिळतात, बाई तीन-चार लावून बघते, सुईत दोरा ओवून बघते आणि एक घेऊन जाते. आमच्यातले बरेच जण या चष्म्यांवर नाक मुरडतात. मी मुरडत नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर तो चष्मा काम भागवतो. माझी हरकत वेगळी आहे. चाळिशीत डोळे दाखवायला यायचे जवळचा चष्मा हेच निमित्त असायचे, तेव्हाच डोळ्यातला दाब बघितला जाई, आणि काचबिंदू वेळेत सापडण्याची संधी बहुतेकांना त्याच एका भेटीत मिळायची.