देवाची सेवा केवळ रविवारची नव्हे, आणि केवळ गंभीर चेहऱ्याचीही नव्हे

अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि येथे मिशनकार्य सुरू झाले. पण देवाची सेवा म्हणजे पाळकांनी रविवारी चर्चमध्ये करावयाचे काम आणि तेथे हर्ष दाखवला तर आदर उणावतो, हा समज अनेक ख्रिस्ती घरांत आजही टिकून आहे. तो शास्त्राला धरून नाही. बायबलमधील स्तोत्रसंहितेत, दुसऱ्या स्तोत्राच्या अकराव्या वचनात भय धरून सेवा करणे आणि हर्ष करणे एकत्रच सांगितले आहे. हे भय म्हणजे धास्ती नव्हे, तर आपण कोणासमोर उभे आहोत याची जाणीव. शंभरावे स्तोत्र तर हर्षानेच सेवा करण्यास सांगते. या दोन्ही स्तोत्रांत सेवेसाठी आलेले हिब्रू क्रियापद बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात एदेन बागेच्या मशागतीसाठीही येते, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण त्यामुळे शिरोलीच्या फाउंड्रीत साचा नीट भरणारा किंवा गुऱ्हाळावर काहिलीतील मळी निगुतीने काढणारा विश्वासणारा सेवेबाहेर राहत नाही. काम प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे प्रेषित पौलाने कलस्सैकरांस, म्हणजे कलस्सै येथील मंडळीला, पत्रात लिहिले तेही पाळकांना नव्हे, दासांना उद्देशून.