रेकॉर्डचा आवाज अखंड आणि डिजिटलचा तुकड्यातुकड्यांचा?

"डिजिटल गाण्यात आवाजाच्या पायऱ्या होतात, मधलं सगळं कापलं जातं, अखंड आवाज फक्त रेकॉर्डमध्येच" हा मेसेज पायऱ्यांच्या चित्रासकट सांगलीतल्या आमच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच. चित्र बघून कुणालाही पटेल, मलाही बरीच वर्षं पटलेलं.

पण त्या पायऱ्या फक्त चित्रात. सीडीत आवाज सेकंदाला 44,100 वेळा मोजलेला असतो, आणि गणित असं की त्याच्या निम्म्याच्या आतली, म्हणजे साधारण 22,000 हर्ट्झपर्यंतची (सेकंदाला 22,000 कंपनं) लहर तेवढ्या मापांवरून परत उभी करता येते. आपला कान 20,000 च्या आसपास थांबतो, वय वाढलं की त्याच्याही बराच आधी. प्लेअरमधून बाहेर येते ती गुळगुळीत लहरच. बारीकशी खरखर राहते, पण रेकॉर्डची स्वतःची खरखर त्याहून कितीतरी मोठी.

शिवाय नव्याने काढलेल्या बऱ्याच रेकॉर्डी डिजिटल फाइलवरूनच कापलेल्या असतात, मग अखंड काय राहिलं?

घरी तपासायचं तर रेकॉर्ड वाजवून कॉम्प्युटरवर सीडीच्याच 44.1 किलोहर्ट्झला (सेकंदाला 44,100 मापं) उतरवून घ्या, दोन्हीचा आवाज अगदी सारखा करा (जरा मोठा असला की तोच बरा वाटतो) आणि कोणतं वाजतंय ते तुम्हाला न सांगता दुसऱ्याला अदलाबदल करायला लावून तुम्ही ओळखा. मी बायकोला अदलाबदल करायला बसवलं, माझे 15 पैकी 8 अंदाज बरोबर, म्हणजे छापा-काटाच की!

जुनी रेकॉर्ड कधीकधी खरंच छान वाटते, कारण तिचं मास्टरिंग (छापण्याआधी आवाजावर केलेला शेवटचा हात) वेगळं, सीडीवर पुष्कळदा आवाज दाबून मोठा केलेला असतो. आणि ते मोठं कव्हर. त्यासाठी मी अजून घेतोच.